सेकंद आणि बाइट यांचा हिशेब

प्रोग्रॅम चालायला किती वेळ लागला आणि त्याने किती मेमरी वापरली, हे दोन प्रश्न आपल्याकडे वेगवेगळे शिकवले जातात. अभ्यासक्रमात आधी 'टाइम कॉम्प्लेक्सिटी' येते, मग 'स्पेस कॉम्प्लेक्सिटी'. दोन्हींची सूत्रे पाठ होतात, दोन्हींना वेगळे गुण मिळतात, आणि विद्यार्थी धरून चालतो की हे दोन निराळे विषय आहेत. प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालू लागला की ही फाळणी टिकत नाही. वेळ कमी पडला की तक्रार मेमरीच्या नावाने येते. मेमरी भलत्या क्रमाने वाचली की दंड सेकंदांत भरावा लागतो. या पुस्तकात दोन्ही मोजमापे एकत्र घेतली आहेत ती म्हणून. हे पटवण्यासाठी थोडे लांब, थेट चंद्रापर्यंत, जावे लागेल.

२० जुलै १९६९. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून २१ तारीख लागली होती. अपोलो ११ चे चांद्रयान खाली उतरत असताना त्यातल्या संगणकाने १२०२ हा इशारा दिला, आणि आणखी खाली आल्यावर १२०१. या संगणकाची लिहिता-पुसता येणारी मेमरी अवघी २,०४८ शब्दांची होती. कायमची, तारांमध्ये ओवलेली मेमरी ३६,८६४ शब्दांची. चालू असलेल्या प्रत्येक कामाला १२ शब्दांचा एक कप्पा मिळे आणि असे कप्पे मोजकेच होते. १२०२ चा अर्थ एवढाच की सगळे कप्पे भरले, नव्या कामाला जागा नाही. म्हणजे तक्रार शुद्ध मेमरीची.

पण कप्पे भरले कशाने? उतरण्याचे मुख्य गणित दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होई; तोवर आधीचे संपलेले असेल हे त्यात गृहीत होते. परतताना मुख्य यानाशी गाठ घालून देण्यासाठी एक रडार होते, त्याची उतरताना गरज नव्हती. त्याच्या वीजपुरवठ्याचा ताल संगणकाच्या बाजूच्या पुरवठ्याशी जुळत नव्हता, त्यामुळे रडारच्या कोनांची गणती करणारे काउंटर निष्कारण पुढेमागे होत राहिले. असे ठोके सेकंदाला १२,८०० पर्यंत जाऊ शकत होते आणि प्रत्येक ठोका संगणकाची ११.७ मायक्रोसेकंदांची एक मेमरी-फेरी खाऊन टाकी. गुणाकार करून पाहा: दर सेकंदातला सुमारे ०.१५ सेकंद असाच गेला. उतरण्याच्या प्रोग्रॅमकडे राखीव वेळ होता तोही साधारण तेवढाच. मग दोन सेकंदांचे गणित दोन सेकंदांत संपेना. जुने काम आपला कप्पा अडवून बसलेले असतानाच नवे सुरू होई, त्याला नवा कप्पा लागे, आणि हे पुन्हा पुन्हा झाल्यावर कप्पे संपले. चोरी वेळेची झाली आणि बोंब उठली मेमरीची.

यान सुखरूप उतरले, कारण अशा वेळी बिनमहत्त्वाची कामे टाकून देऊन महत्त्वाची पुन्हा सुरू करायची, ही सोय प्रोग्रॅममध्ये होती. त्या सोयीचे कौतुक खूप झाले आहे आणि ते योग्यच आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती एक कमी बोलली जाणारी गोष्ट: उतरण्याच्या कोणत्या टप्प्यात किती टक्के वेळ शिल्लक राहतो, हे तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनी आधीच मोजून पाहिले होते. राखीव वेळ हा त्यांच्या लेखी अंदाज नव्हता, आकडा होता.

प्रोग्रॅमच्या वेळेची काळजी तर संगणकाहून जुनी आहे. बॅबेज यांचे ॲनालिटिकल इंजिन कधी पुरे बांधलेच गेले नाही. तरी १८४३ मध्ये त्यावर टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी नोंदवले की एकच गणित अनेक क्रमांनी मांडता येते, आणि त्यांतला कमीत कमी वेळात संपणारा क्रम निवडणे हे एक प्रमुख उद्दिष्ट असले पाहिजे. तो निवडायचा कसा, हे मात्र यंत्रे हाती आल्यावरच कळू लागले. आणि पहिली कळलेली गोष्ट अशी की या बाबतीत हुशार माणसांचे अंदाजही सपशेल चुकतात.

डोनाल्ड क्नूथ यांची फोरट्रान प्रोग्रॅमांची पाहणी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठ्यपुस्तकातली नीटनेटकी उदाहरणे न घेता लोक खरोखर काय लिहितात ते त्यांनी गोळा केले. त्यासाठी संगणक केंद्रातल्या कचऱ्याच्या टोपल्याही धुंडाळल्या. निष्कर्ष असा की साधारणपणे प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो. यावरूनच पुढे त्यांनी अवेळी केलेल्या सुधारणांबद्दल तो प्रसिद्ध इशारा दिला. आज तो इशारा आमच्या धंद्यात आळसाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवला जातो: क्नूथच म्हणाले आहेत, वेगाचा विचार नको. त्यांचे म्हणणे उलट होते. तो मोजका भाग कोणता हे आधी मोजून शोधा, आणि सापडला की त्याला मुळीच सोडू नका.

मोजलेच नाही तर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण विद्यार्थ्यांना फार आवडते, कारण ते खेळातले आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा खेळ सुरू व्हायला मिनिटेच्या मिनिटे घेई आणि वर्षानुवर्षे लोक ते सहन करत होते. २०२१ च्या सुरुवातीला एका खेळाडूने, मूळ कोड हाती नसताना, चालत्या प्रोग्रॅमला बाहेरून प्रोफायलर लावून पाहिला. त्याच्या यंत्रावर सुमारे सहा मिनिटे लागत होती आणि त्यांतली बरीचशी दोन जागी जात होती. खेळातल्या विक्रीच्या वस्तूंची सुमारे १० मेगाबाइटची मजकुरी यादी वाचली जाई. तीत ६३,००० वस्तू होत्या. यादीतला प्रत्येक बारीक तुकडा वाचताना वाचणारे फंक्शन उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत जाऊन नव्याने मोजत असे. मग प्रत्येक वस्तू आधी साठवलेल्या वस्तूंमध्ये आहे का, हे एकेकीशी ताडून पाहिले जाई. सगळ्या मिळून जवळपास २०० कोटी तुलना. या दोन जागा दुरुस्त केल्यावर वेळ सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. रॉकस्टार कंपनीने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १०,००० डॉलर दिले. यादी शंभर वस्तूंची असती तर हाच कोड कोणाला खटकलाही नसता. मोजणी एकदा करून भागत नाही ती यामुळे. माहिती वाढते आणि कोड तसाच राहतो.

आता मोजायचे कशाने? घड्याळाने, हे उत्तर सोपे वाटते, पण कोणत्या? लिनक्सवर 'टाइम' ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम चालवला की तीन आकडे हाती येतात. 'रिअल' म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाने गेलेला वेळ, 'यूजर' म्हणजे प्रोसेसरने तुमचा कोड चालवण्यात घालवलेला, आणि 'सिस' म्हणजे तुमच्या वतीने ऑपरेटिंग सिस्टिमने घेतलेला. नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत बसलेल्या प्रोग्रॅमचा 'रिअल' दहा सेकंद आणि 'यूजर' जेमतेम काही मिलिसेकंद असू शकतो. त्याचा कोड घासूनपुसून चकचकीत केला तरी ग्राहकाला काडीचा फरक जाणवणार नाही. उलट चार कोअरवर पसरलेल्या प्रोग्रॅमचा 'यूजर' हा 'रिअल'पेक्षा मोठा येतो आणि नवख्याला यंत्र बिघडल्यासारखे वाटते.

भिंतीवरच्या घड्याळावर विसंबण्यात आणखी एक धोका आहे: ते मागे जाऊ शकते. १ जानेवारी २०१७ रोजी, भारतात पहाटे साडेपाचच्या ठोक्याला, जगाच्या प्रमाणवेळेत एक लीप सेकंद घालण्यात आला. क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस सांभाळणारा एक प्रोग्रॅम, इतर सर्व्हर किती वेळात उत्तर देतात हे घड्याळाच्या दोन वाचनांची वजाबाकी करून काढत असे. त्या क्षणी दुसरे वाचन पहिल्याच्या आधीचे निघाले. लागलेला वेळ ऋण आला, तो ऋण आकडा यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनकडे गेला, त्याला तो चालत नव्हता, आणि प्रोग्रॅम कोसळला. हा प्रोग्रॅम गो भाषेत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गोच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या नोंदीसोबत कधीही मागे न जाणाऱ्या दुसऱ्या घड्याळाचे वाचनही ठेवले जाऊ लागले. असे घड्याळ आज जवळपास प्रत्येक भाषेत मिळते. तरी वजाबाकीसाठी भिंतीवरचेच घड्याळ वापरणारा कोड मला अजून नियमाने दिसतो.

मेमरी मोजणे याहून अवघड, कारण तिथे एकच एक घड्याळदेखील नाही. लिनक्सवर प्रोग्रॅमने एक गिगाबाइट मागितला की बहुधा 'दिला' असे उत्तर लगेच मिळते, पण खरी रॅम तेव्हा दिलेलीच नसते. प्रोग्रॅम ज्या पानाला पहिल्यांदा हात लावील ते पान, साधारणतः ४ किलोबाइटचे, त्या वेळी दिले जाते. त्यामुळे मागितलेली मेमरी, हात लावलेली मेमरी आणि आत्ता या घटकेला रॅममध्ये असलेली मेमरी हे तीन वेगळे आकडे आहेत. दिलेला शब्द सगळ्यांनी एकदम वसूल करायचे ठरवले आणि रॅम संपली, की कर्नल एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देतो. बळी जाणारा प्रोग्रॅम दोषी असतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त आकाराने मोठा असतो.

त्यात सामाईक मेमरीचा घोळ. सी भाषेची मूळ लायब्ररी रॅममध्ये एकदाच येते आणि बहुतेक सगळे प्रोग्रॅम ती मिळून वापरतात. 'रेसिडेंट' मेमरीच्या आकड्यात मात्र ती प्रत्येकाच्या नावावर पूर्ण लागते. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या खोलीच्या क्षेत्रफळात समोरची अख्खी गॅलरी धरावी आणि मग सगळ्यांची बेरीज इमारतीपेक्षा मोठी भरावी, तसला हा प्रकार. म्हणून सगळ्या प्रोग्रॅमांचे रेसिडेंट आकडे मिळवले तर ती बेरीज यंत्रात बसवलेल्या रॅमच्या पुढे जाऊ शकते. यावर उपाय म्हणून लिनक्सने सामाईक पान जितके जण वापरतात तितक्यांत वाटून देणारा आकडा आणला, त्याला पीएसएस म्हणतात. या आकड्यांची बेरीज खरी येते, पण शेजारचा प्रोग्रॅम बंद झाला की तुमचा पीएसएस वाढतो, तुम्ही काहीही केलेले नसताना. 'माझा प्रोग्रॅम किती मेमरी घेतो' या प्रश्नाचे सरळ उत्तर अजून कोणाकडे नाही. 'तो बंद केला तर किती मेमरी मोकळी होईल', 'चालताना सर्वांत जास्त किती लागली' असे नेमके विचारले तर उत्तर मिळते.

आणि इथे सेकंद व बाइट पुन्हा एकमेकांत मिसळतात. एक मोठे मॅट्रिक्स घ्या आणि त्यातल्या सगळ्या संख्यांची बेरीज करा. एकदा ओळीओळीने, एकदा स्तंभास्तंभाने. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, सूत्रानुसार लागणारा वेळही तोच. घड्याळ मात्र निराळे सांगते. प्रोसेसर रॅममधून एकेक संख्या आणत नाही, बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटची पट्टी एकदम आणतो. आठ बाइटची एक संख्या धरली तर एका पट्टीत आठ संख्या येतात. सी भाषेत ओळ सलग साठवलेली असल्यामुळे ओळीने गेलात तर आठही कामी येतात. स्तंभाने गेलात तर मॅट्रिक्स पुरेसे मोठे असताना एक वापरून सात वाया जातात. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमधून संख्या साधारण एका नॅनोसेकंदात मिळते, रॅममधून आणायला शंभराच्या आसपास लागतात. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः एकदा तरी करावा. कॅश म्हणजे काय हे शब्दांनी समजावण्याची मग गरज उरत नाही.

महासंगणकांची क्रमवारीही याच प्रश्नात अडकलेली आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात टाटा समूहाने उभारलेला 'एका' हा महासंगणक जगातल्या पहिल्या ५०० च्या यादीत चौथा आला. मोजलेला वेग होता ११७.९ टेराफ्लॉप, आणि त्या बातमीने आम्हा पुणेकरांची छाती फुगली होती, ते योग्यच होते. पण तो आकडा लिनपॅक नावाच्या एका ठरावीक कामाचा: समीकरणांचा एक भलामोठा संच सोडवणे. हे काम असे आहे की आणलेली संख्या पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून प्रोसेसर सतत कामात राहतो. मेमरीतून सतत नवी माहिती ओढावी लागणाऱ्या कामांसाठी पुढे एचपीसीजी ही दुसरी चाचणी आली, आणि तीत भलेभले महासंगणक आपल्या कमाल वेगाच्या काही टक्क्यांवर येऊन थांबतात. यंत्र तेच, फक्त विचारलेला प्रश्न बदलला.

जावासारख्या भाषांत तर मेमरी देऊन वेळ सरळसरळ विकत घेता येतो. तिथे वापरून झालेली मेमरी झाडून गोळा करण्याचे काम गार्बेज कलेक्टर करतो. त्याला जागा जितकी मोकळी, तितके त्याला कमी वेळा झाडावे लागते. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्गर यांनी २००५ मध्ये याचा भाव काढला. हाताने मेमरी सोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या पाचपट मेमरी दिली तर कलेक्टर त्याच्या तोडीस तोड चालतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो. दुप्पटच दिली तर जवळपास ७० टक्के. म्हणून जावा प्रोग्रॅमचा वेळ सांगताना त्याला किती मेमरी दिली होती हे न सांगणे म्हणजे भाव सांगून माप लपवण्यासारखे आहे. पुष्कळ तुलनात्मक लेखांत ते लपलेले असते, बहुधा न कळत.

एवढे सांभाळले तरी मोजणीवर विश्वास ठेवण्याआधी थोडे थांबावे. २००९ मध्ये टॉड मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, तो मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देतो. लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू होताना यूजरचे नाव, चालू फोल्डरचा पत्ता अशा बाबी त्याच्या स्टॅकच्या टोकाला ठेवल्या जातात. त्यांची एकूण लांबी बदलली की स्टॅक थोडा सरकतो, आणि तेवढ्याने प्रोग्रॅमचा वेग बदलतो. कोडच्या फाइली लिंकरला कोणत्या क्रमाने दिल्या, यानेही बदलतो. हा बदल इतका मोठा असू शकतो की कंपायलरची एखादी सुधारणा उपयोगी आहे की अपायकारक, याचा निकालच उलटतो. म्हणजे दोन इंजिनिअर तोच कोड, तशाच यंत्रावर, प्रामाणिकपणे मोजून विरुद्ध निष्कर्षांवर पोचू शकतात, एवढ्याच कारणाने की एकाचे लॉगिन नाव लांब आहे.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने चार जावा प्रोफायलर एकाच प्रोग्रॅमवर लावले. सर्वांत जास्त वेळ खाणारे फंक्शन कोणते, यावर चौघांचे एकमत होईना. हे प्रोफायलर ठरावीक अंतराने प्रोग्रॅमला थांबवून 'आत्ता तू कुठे आहेस' असे विचारतात. पण जावात प्रोग्रॅम हवा तेव्हा थांबत नाही, त्याच्या सोयीच्या जागा ठरलेल्या असतात. तिथवर पोचेपर्यंत तो खऱ्या गुन्ह्याच्या जागेपासून पुढे सरकलेला असतो. दुसऱ्या टोकाला व्हॅलग्राइंडसारखी साधने आहेत. ती प्रत्येक सूचना स्वतःच्या नजरेखालून घालतात, मेमरीची चूक बाइटपर्यंत दाखवतात आणि त्या बदल्यात प्रोग्रॅम वीस-तीसपट हळू करून ठेवतात. सवड असेल तेव्हा मी दुसरा मार्ग घेतो. चालू सर्व्हरवर मात्र तो चालत नाही. तिथे नमुन्यांवरच भागवावे लागते, आणि दोन वेगळ्या साधनांचे नमुने ताडून पाहिल्याशिवाय कशावर बोट ठेवू नये.

सरासरीबद्दल थोडे. २००९ मध्ये भारतात सुरू झालेल्या कोडशेफसारख्या स्पर्धांमुळे आपल्या हजारो मुलांना 'टाइम लिमिट एक्सीडेड' हे शब्द तोंडपाठ आहेत. ती सवय चांगलीच. पण स्पर्धेत एक प्रोग्रॅम, ठरलेले इनपुट, एक मर्यादा असते. सेवा चालवताना तोच कोड दिवसाला लाखो वेळा चालतो आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा वेळ घेतो. जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये दाखवलेला हिशेब पाहा. एक सर्व्हर शंभरातल्या फक्त एका मागणीला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लावतो. आता एका वापरकर्त्याच्या उत्तरासाठी अशा १०० सर्व्हरांकडून माहिती गोळा करावी लागत असेल, तर ६३ टक्के वापरकर्त्यांना एका सेकंदाहून जास्त थांबावे लागेल. प्रत्येक सर्व्हरची सरासरी मात्र उत्तमच दिसेल. त्यामुळे या पुस्तकात जिथे जिथे वेळ दिला आहे तिथे मधला आकडा आणि टोकाचा आकडा दोन्ही छापले आहेत, आणि एकदाच चालवलेल्या प्रयोगावर एकही तक्ता बेतलेला नाही.

कोणती भाषा सर्वांत वेगवान, असा तक्ता इथे शोधू नये. तो मुद्दाम दिलेला नाही. उदाहरणे सी, जावा आणि पायथनमध्ये आहेत, आज्ञा लिनक्सच्या आहेत, आणि साधा लॅपटॉप पुरेसा आहे. लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवावा, कारण बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग कमी करतो. ब्राउझर बंद असावा. पहिली दोन प्रकरणे घड्याळांवर आहेत. ज्याला घाई आहे त्याने ती वगळून थेट मॅट्रिक्सच्या प्रयोगाकडे गेले तरी चालेल. आकडे पुस्तकापेक्षा फार वेगळे आले, तर बहुतेक कारणे नवव्या प्रकरणात सापडतील.